फ्रेमखालचा पांढरा

छापखान्यात तिला सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे वेडी. औषधांच्या खोक्यांवर पोट भरणाऱ्या छापखान्यात बाईसाहेबांना चित्रं छापायची हौस! मूळ चित्राच्या तोडीस तोड प्रत, खाली चित्रकाराची सही, आणि किंमत अशी की शाळामास्तरच्या भिंतीवरही लागावी. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, कुरकुरत एकदाच हो म्हटलं.

"एक चित्र छापून दाखव. म्हातारबुवांनी सही केली तर नवं मशीन तुझ्या प्रकाशनाला. नाही केली तर ते खोक्यांना जाईल, आणि मग माझं डोकं खायचं नाही."

म्हातारबुवा म्हणजे चित्रकार. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचं त्यांचं चित्र एका खानावळवाल्याने विकत घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये लावलं होतं. ताईने त्याच्या नाकदुऱ्या काढून ते छापखान्यात आणलं.

पहिलं प्रूफ पाहून म्हातारबुवांनी नाक मुरडलं. "या चादरी धुतल्या कुणी? परत भिजत घाला."

दुसऱ्याला म्हणाले, "साबण बदला." तिसरं त्यांनी हातातही घेतलं नाही.

ताईचा पारा चढला. डोळ्याला भिंग लावून लावून तिची मान धरली होती. "काका, चित्रात हाच रंग आहे. मी शेजारी धरून पाहिलंय."

"मग तू माझं चित्र पाहिलंच नाहीस," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

ती परत आली तेव्हा दादा खोक्यांच्या नव्या कामाबद्दल फोनवर गोड गोड बोलत होता. मशीनमन हळूच म्हणाला, "ताई, वय झालंय त्यांचं. अंदाजाने थोडं पांढरं करू या. खूश होतील."

"अंदाजाने खोकी छापतात," ताई म्हणाली. तिला रडू येत होतं, पण दादासमोर रडणं म्हणजे त्याला आयतं कोलीत देणं.

कुठे फ्रेमची सावली तर पडत नाही ना, या शंकेने तिने चित्र पालथं घातलं आणि खिळे उपसले. फ्रेम सुटली, चित्र सरळ केलं, आणि ती बघतच राहिली. फ्रेमच्या काठाखाली झाकलेली बोटभर पट्टी चारही बाजूंनी उघडी पडली होती. कडेची चादर त्या पट्टीत पांढरीशुभ्र होती, घडीत किंचित निळसर. पट्टी संपली की तीच चादर पिवळी. इतकी वर्षं खानावळीतला तळणाचा धूर चित्रावर बसत होता, आणि ताईने तो धूर अगदी प्रामाणिकपणे, भिंग लावून छापला होता. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि मग पोट धरून हसली.

पुढचा सगळा दिवस ती आणि मशीनमन खिडकीपाशी उभे होते. धुराने पट्टीशेजारचा प्रत्येक रंग किती पिवळा केला ते ताडायचं आणि तेवढंच पिवळं पूर्ण चित्रातून काढायचं. काम किचकट होतं, पण ताई गुणगुणत होती.

दादाने वाकून पाहिलं. "हे तर मूळ चित्रासारखं दिसतच नाही."

"नाहीच दिसत," ताई म्हणाली आणि प्रूफ गुंडाळून निघाली.

म्हातारबुवांनी प्रूफ उजेडात नेलं. "वारा आहे बघ आता चादरींत," एवढं म्हणाले आणि टेबलावरची पेन्सिल घेऊन समासात सही केली. मग ताईने पट्टीची हकिगत सांगितली. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"तळणाच्या धुरात वाळत घातल्या होत्या होय माझ्या चादरी! अगं, माझी आणखी बरीच चित्रं लोकांच्या घरी काळवंडतायत. काढ सगळी बाहेर."

"काढते की. प्रत्येकाचं प्रूफ दाखवायला आणीन, काका."

"मला कशाला दाखवतेस? तू छाप. सही करायला मीच येत जाईन छापखान्यात."

जिना उतरताना ताईचे पाय जमिनीवर नव्हते. रस्त्यावर येऊन तिने दादाला फोन लावला.

"काय गं, काय म्हणाले?"

"खोकीवाल्याला दुसरा छापखाना बघायला सांग," ती म्हणाली. "मशीन माझं."