सातवा पेला

"राधा, ग्लास किती होते गं आपले?"

"सहा. का, यंदा पण गेला का एखादा?"

"नाही गं. सात भरतायत."

राधाबाई ओल्या हातांनीच जिन्याखाली नवऱ्याजवळ आल्या. पाणपोईवरचे पेले नाहीसे होतात, हे त्यांनी पंधरा उन्हाळे पाहिलं होतं. वाढलेले मात्र पहिल्यांदाच पाहत होत्या.

मे संपत आला की सीतारामभाऊ गेटजवळची पाणपोई आवरत. रांजण घासायचा, लाल फडकं धुवायचं, तिवई पुसायची आणि सगळं जिन्याखाली रचून ठेवायचं. यंदा ठेवायचं नव्हतं. रविवारपर्यंत जिन्याखालची जागा मोकळी करा, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं.

"पप्पा, पाणपोईवर हल्ली पितं कोण?" केतनने, त्यांच्या मुलाने, विचारलं होतं. "सगळे बाटल्या घेऊन फिरतात. उगाच तुमच्या गुडघ्यांची वाट लागते."

हल्ली दुपारी ते झोपलेले असत, त्यामुळे कोण पितं हे त्यांना सांगता आलं नव्हतं. कुणीच पीत नसेल तर ठेवायचं कशाला, हे त्यांनाही पटलं होतं. भंगारवाल्याला चार वाजता बोलावलं होतं. आयुष्यभर पाण्याचीच नोकरी केलेल्या माणसाला हे जड जात होतं, पण बोलणार कुणाकडे?

त्यात हा सातवा पेला. सहा पेले साखळीचे, हा मोकळा. काठाखाली बारीक टिंबांनी कोरलं होतं : कालकथित धोंडिराम साबळे यांच्या स्मरणार्थ.

"गेलेल्या माणसाचा आहे," राधाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण आपल्यात कोण धोंडिराम?"

तेच तर कळत नव्हतं. सीतारामभाऊ वॉचमनकडे गेले, कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेले. कुणालाच धोंडिराम ठाऊक नव्हता. केतनने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. चाळीस घरांतून नऊ अंगठे आले, माहिती एकही नाही.

तीनच्या सुमारास गॅसचा टेम्पो आला. नवा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन सवयीने पाणपोईकडे वळला आणि पालथा रांजण बघून थबकला.

"काका, पाणपोई उठली?"

"उठली."

त्याने सिलिंडर खाली ठेवला. भाऊंच्या हातातला पेला बघून तो म्हणाला, "हा तर आमच्या धोंडिरामदादांचा! त्यांच्या बायकोने, लतावहिनींनी, ठेवलेला."

"अरे, पण कोण धोंडिराम?"

"काय काका! माझ्या आधी बारा वर्षं तुमच्याकडे सिलिंडर कोण आणायचं?"

"गॅसवाला," सीतारामभाऊ म्हणाले.

खांद्यावर टॉवेल टाकलेला तो उंच माणूस त्यांना आठवला. दोन पेले पिऊन तिसरा मानेवर ओतायचा. "झकास, काका," म्हणायचा आणि लिफ्ट नसलेले चार मजले चढायचा.

"मार्चमध्ये गेले. झोपेतच," नवा गॅसवाला सांगू लागला. "घरी म्हणायचे, मुलुंडच्या त्या पाणपोईचं पाणी पोटात गेलं की चार मजले जाणवत नाहीत. त्यांच्या नावाने काय द्यायचं असं निघालं, तेव्हा वहिनींनी हा एकच ग्लास केला. तुम्ही झोपला होतात, म्हणून ठेवून गेल्या."

सीतारामभाऊंना लाज वाटली. महापालिकेच्या पाणी खात्यात रस्त्यातल्या व्हॉल्व्हला लांब चावी लावून त्यांनी एकतीस वर्षं लोकांचं पाणी सोडलं होतं. "ए चावीवाले, पाणी कधी सोडणार?" एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. आपल्याला नाव आहे हे लोकांना कळत कसं नाही, म्हणून ते घरी येऊन चिडायचे. आणि त्यांनी स्वतः बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमचं नाव काय?"

"माझं? गॅसवालाच म्हणा की."

"नाव विचारलं मी."

"चैतन्य," तो जरा लाजून म्हणाला.

सीतारामभाऊंनी धोंडिरामचा पेला विसळला, घरातल्या माठातलं पाणी भरून आणलं आणि चैतन्यच्या हातात दिलं.

चार वाजता भंगारवाला आला. सीतारामभाऊंनी गॅलरीतली आपली लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या गाडीवर ठेवली.

"पप्पा, ही तर तुमची खुर्ची! बसणार कुठे?" केतनने विचारलं.

"रांजणाला जागा नको? तिवईचं बूड धर तिकडून."

केतनने धरलं. खुर्चीच्या जागी तिवई आली, तिच्यावर पालथा रांजण, आणि खिडकीच्या कट्ट्यावर सात पेले ओळीने वाळत राहिले.

त्या संध्याकाळी सीतारामभाऊंनी चहा उभ्यानेच घेतला.