पाच म्हणजे पाच

“गाय व्यायला झालीय, हे कारण झालं होय रे?” मिस ऑर्फानं खिडकीच्या जाळीतून लेस्टर प्रुइटकडे न बघताच विचारलं.

“वासरू आडवं आलंय, मिस ऑर्फा. हात घालून फिरवायला लागतंय. अन् माझ्याशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नाही.”

“मग घेऊन ये तिला. कोर्टामागच्या हिरवळीवर बांध. जेवणाच्या सुट्टीत फिरव.”

मागची रांग खो खो हसली. लेस्टर नाही हसला. बाईनं लाल पेन्सिल उचलली, ज्यूरीतून सूट मागणाऱ्या त्याच्या अर्जावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ‘नामंजूर’ असं लिहिलं आणि म्हणाली, “पुढचा.”

आमच्या काउंटीत कोर्टाचा मुख्य कारकून लोक मतं देऊन निवडतात. मिस ऑर्फा स्टिलवेल अडतीस वर्षं निवडून येत होती, आणि पहिली निवडणूक सोडली तर दरवेळी बिनविरोध. पहिल्या खेपेला जो गडी तिच्यासमोर उभा राहिला, त्याचं नाव पुढं लागोपाठ सात महिने ज्यूरीच्या पिंपातून निघालं. आठव्या महिन्यात तो चंबूगबाळं उचलून ओहायोला राहायला गेला. लोक म्हणत, योगायोग. मीही म्हणत असे.

ते पिंप लाकडी, हिरव्या रंगाचं, बाजूची कडी धरून गोल फिरवायचं. मतदारयादीतल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी त्यात असायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई कडी फिरवायची आणि भर कोर्टात छत्तीस चिठ्ठ्या काढायची. ती कडी अशी करकरायची, की तिचा आवाज तीन मैलांवरच्या पेट्रोलपंपावर ऐकू जायचा आणि तिथं धडधाकट उभ्या असलेल्या माणसांच्या पाठीत कळ यायची. एकानं गोवर दाखवायला तोंडाला बीटाचा रस फासला. बाईनं त्याला वेगळी खुर्ची दिली. एका विधवेनं नवऱ्याच्या समन्सबरोबर त्याच्या मृत्यूचा दाखला पाठवला. ‘प्रत साक्षांकित नाही’ असा शेरा मारून बाईनं तो परत पाठवला. ती माउली मग स्वतः सोळा मैल चालत आली. मी पाहिलंय.

मी म्हणजे हॉबर्ट, कोर्टाचा बेलीफ. छत्तीसातून वकील बारा निवडायचे. खटला ऐकून झाला की त्या बाराजणांना मी मागच्या खोलीत घालायचो, कुलूप लावायचो आणि बाहेर खुर्ची टाकून बसायचो. उरलेल्या चोवीसजणांनी बाहेरच्या बाकांवर पाचपर्यंत बसून राहायचं. दुसरा खटला निघाला तर? निघत नसे. तरी पाच म्हणजे पाच. वहीत येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ, पुढं सही. चार अठ्ठावन्नला कुणी पेन उचललं तर बाई ते त्याच्या हातातून काढून घ्यायची.

या बाईला एकच हौस होती. ती मला एकट्याला ठाऊक होती.

बारा माणसं आत असली की ती स्वतः कॉफीची किटली घेऊन यायची. वास्तविक ते काम माझं. मी कुलूप काढायचो, ती आत पाऊल टाकायची, आणि क्षणापूर्वी तावातावानं भांडणारे बाराच्या बारा गप्प. किटली ठेवून ती बाहेर यायची. दार लागलं की आत पुन्हा गलका, एखादं मोठं हसू. बाई दाराकडे बघत राहायची.

“हॉबर्ट, आत बोलतात तरी काय रे एवढं?”

“तुमच्याबद्दलच असेल, मिस ऑर्फा.”

“वाह्यात बोलू नकोस.” मग थोड्या वेळानं, “कायद्यानं कारकुनाला ज्यूरीत बसता येत नाही. निवृत्त झाल्यावर येतं. मी कलम बघून ठेवलंय.”

लग्न नाही, भावंडं नाहीत. घरी एक रेडिओ. आपण बाराजणांत बसावं, कुणी आपल्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून विचारावं, आणि दार आपल्या पाठीमागं बंद व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

आता मला तिच्याशी वाकडं घ्यायचं कारण सांगतो. माझा भाऊ वारला तेव्हा एका खुनाच्या खटल्याची ज्यूरी चार दिवस खोलीत अडकली होती. मी एका दिवसाची रजा मागितली. बाई म्हणाली, “त्याला आता घाई नाही, हॉबर्ट. ज्यूरीला आहे.” मी दाराबाहेर बसून राहिलो. शेजारच्या काउंटीत भाऊ मातीत गेला. चौथ्या दिवशी ज्यूरीनं आरोपीला सोडून दिलं.

असो. बाई निवृत्त झाली. तिच्या जागी डार्लीन नावाची हसरी पोरगी आली. पिंपाची कडी तिला जड जायची. “हॉबर्टकाका, तुम्हीच काढा ना चिठ्ठ्या,” म्हणाली. मी काढल्या. पस्तीस पिंपातून काढल्या आणि एक बाहीतून.

समन्स पोचलं त्या दिवशी बाईनं गावातल्या एकुलत्या न्हाविणीकडे जाऊन केस कुरळे करून घेतले. ज्यूरीच्या सोमवारी आठच्या ठोक्याला हजर. निळा पोशाख, पांढरे हातमोजे, डब्यात स्वतः भाजलेला ‘ॲपल पाय’, सफरचंदाचं गोड सारण भरलेला. बारा तुकडे कापलेला.

“तेरावा नाही का माझ्यासाठी?” मी विचारलं.

“तू आत येणार नाहीस,” ती म्हणाली. डोळे लुकलुकत होते. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला थट्टा करताना ऐकलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

खटला शिकारी कुत्रा चोरल्याचा. आरोपीचे वकील क्रॅबट्री. एकदा अपील दाखल करायला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून बाईनं त्यांच्या तोंडावर खिडकी आपटली होती. मी त्यांना बोळात गाठलं आणि कानात एक प्रश्न सांगितला. वकील खुदकन हसले.

छत्तीसजण बसले. बाई पहिल्या रांगेत, डबा मांडीवर. आरोपीला ओळखता का, कुत्रा पाळता का, असं सगळं विचारून झालं. मग क्रॅबट्रींनी चष्मा पुसला.

“शेवटचं. इथं बसलेल्यांपैकी कुणाबरोबर एका खोलीत बसून आपल्याला मोकळ्या मनानं विचार करता येणार नाही, असं कुणाला वाटतं का? वाटत असेल तर हात वर करा.”

आधी एक हात वर झाला. मग तीन. मग मागची अख्खी रांग. मी मोजले. पस्तीस. बाईनं सवयीनं मान वळवून मागं पाहिलं. कोणाबद्दल आहे हे बघावं म्हणून. सगळे तिच्याकडेच बघत होते.

“हे कुणाबद्दल चाललंय?” जजसाहेबांनी विचारलं.

मग मागून लेस्टर प्रुइट उठला. टोपी हातात.

“साहेब,” तो म्हणाला, “ती गाय मेली.”

कोर्टात कुणी हसलं नाही. मी हसायची तयारी करून आलो होतो. मीही हसलो नाही.

जजसाहेब खाकरले. “मिस स्टिलवेल, कोर्ट आपलं आभारी आहे. आपल्याला मोकळं करण्यात येतंय.”

बाई उभी राहिली. “साहेब, कारण नोंदवावं लागतं.”

“डार्लीन, लिहून घ्या.”

“काय... काय लिहू?” डार्लीनचं पेन कागदावर अडखळलं.

“लिही,” बाई म्हणाली. आवाज खिडकीतला, तोच. “‘इतर सर्वांची हरकत.’ खाली तारीख घाल. तारखेशिवाय नोंद चालत नाही.”

बाराजण निवडले गेले. उरलेल्यांना डार्लीन म्हणाली, “जा बघू घरी सगळे, उगाच कशाला बसता!” आणि माणसं वर्ग सुटल्यासारखी पळाली. बाई बाकावर बसून राहिली.

“मिस ऑर्फा, तुम्हीही जा ना,” डार्लीन म्हणाली.

“पाच म्हणजे पाच.”

दुपारी मी बाराजणांना आत घातलं, कुलूप लावलं. बाईनं मला हाक मारून डबा दिला. “आत दे. कुणी केला ते सांगू नकोस.” मी दिला. आतून वाहवा ऐकू आली, ताटल्या वाजल्या, कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाई बाकावरून दाराकडे बघत होती. चारच्या सुमारास कुत्रा मालकाला परत मिळाला आणि ज्यूरी रिकामा डबा आतल्या टेबलावर टाकून निघून गेली. झाडूवाल्यानं बाकं उलटी करायला घेतली. बाई बसली होती ते एक त्यानं सोडलं.

शेवटी मीच तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. दरवेळी म्हणतो ते म्हणालो, “कोर्ट आपलं आभारी आहे. आपल्याला जाण्याची परवानगी आहे.”

एका माणसासाठी ते वाक्य फार मोठं वाटलं.

तिनं हातमोजे चढवले, मी आतून आणलेला डबा घेतला, आत एकदा पाहून झाकण लावलं. “हॉबर्ट,” ती म्हणाली, “चिठ्ठ्या काढताना बाह्या कोपरापर्यंत वर करायच्या असतात. मी तुला शिकवलं होतं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“समन्सवरचा नंबर बघितला. कारकुनाची चिठ्ठी पिंपात घालत नाहीत; माझी मी ऑफिसच्या खणात ठेवली होती. नियमानं ती जानेवारीच्या नव्या यादीबरोबर पिंपात जायची. नंबर त्याच चिठ्ठीचा होता.”

“मग आलात कशाला?”

ती टेबलापाशी गेली, वही उघडली, आपल्या नावापुढं बोट ठेवलं आणि पेन उचललं. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाचला दोन मिनिटं कमी होती.

पेन हातात धरून ती उभी राहिली. मी टोपी काढली आणि शेजारी उभा राहिलो.