दुखायच्या आधीची गोळी

मंडळी, कंबर कुणाची दुखत नाही? पण आमच्या सलूनवाल्याची अशी दुखायची, की गिऱ्हाइकाच्या मानेवर वाकला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी दुखणं हटेना. डॉक्टरीणबाईंनी अफूच्या जातीची जालीम गोळी दिली, तीही थोड्याच दिवसांसाठी. पठ्ठ्या आधी दुखल्यावर घ्यायचा. मग दुखेल या धास्तीनं दुखायच्या आधीच घेऊ लागला. बाईंना सांगायचा, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच घेतोय. संपल्या की दुसऱ्या दवाखान्यात जाऊन नव्यानं कण्हायचा.

बायकोला पत्ता लागला, तशी ती भडकली. यापेक्षा दारुडा परवडला म्हणाली आणि सगळ्या गोळ्या संडासात ओतून आली. तिला वाटलं, कटकट मिटली.

कसली मिटतेय! दुसऱ्या दिवशी दुकानात याला दरदरून घाम, जांभयांवर जांभया, नाक वाहतंय, पाय एका जागी ठरेनात. खुर्चीत नेमके सासरे, गळ्याला फेस लावून निवांत डोळे मिटलेले. यानं वस्तरा टेकवला आणि हात थरथरला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. जरा जास्त दाबला गेला असता तर? वस्तरा खाली ठेवून तो म्हणाला, "मामा, माझ्याच्यानं होत नाही. मला दवाखान्यात न्या."

सासऱ्यांनी अर्धी दाढी तशीच पुसली आणि त्याला नेलं. निरोप मिळताच बायकोही आली. दुसऱ्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या फेकल्याचं, नवऱ्याला शिव्या घातल्याचं तिनं तावातावानं सांगितलं. तिला शाबासकी हवी होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, शरीर बंड करतं. यांचं दुखणं खरं होतं. आणि गोळीची सवय लागणं हाही आजारच आहे. ब्लडप्रेशरच्या माणसाला तुम्ही शिव्या देता का?" मग त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, तर मी डोंबल उपचार करणार?"

बायकोचा चेहरा उतरला. काल आपण त्याला काय काय बोललो, ते आठवून तिला रडू आलं.

आता बाई डोस हळूहळू उतरवताहेत, जोडीला व्यायाम आहे. गोळी बायको मोजून हातावर ठेवते आणि दुखण्याची चौकशीही करते. दुखणं पुरतं गेलेलं नाही, चिडचिड तर रोजची आहे. पण आता तो काही लपवत नाही.

म्हणून सांगतो, बाबांनो, दुखणं अंगावर काढू नका, पण डॉक्टरांपासून एक गोळीही लपवू नका. आणि घरातलं कुणी त्या गोळीत अडकलं, तर आधी शिव्या देऊ नका. आधी त्याच्यासोबत दवाखान्यात जा. एकट्याला ते जमत नाही हो!