समोरचे बुवा

उर्मिलाताईंनी पहिल्याच दिवशी कॅमेरा नलूच्या हातात दिला आणि माईक माझ्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की एका मजल्यावर राहूनही नलू आणि मी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. कॅमेऱ्यातून निघालेली काळी वायर माझ्या माईकला जोडलेली, जेमतेम आमच्या गॅलरीच्या रुंदीएवढी. नलू जिन्याकडे वळली की मलाही वळावं लागे, मी थबकले की तिला. आमच्या चाळीत नवराबायकोसुद्धा इतके बांधलेले नसतील.

अबोल्याचं कारण आमचे हे. ब्याऐंशीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हे आणि नलूचा नवरा महादेव एकाच खात्यात कामाला होते, एकाच मोर्चात घसा फोडत होते. दीड वर्ष ओढलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पदरात दोन पोरं, आणि गावाहून आलेले तांदूळही संपलेले. एका सकाळी हे मान खाली घालून गिरणीच्या गेटातून आत गेले. महादेव गेला नाही, शेवटपर्यंत नाही. त्याचं बरोबर की यांचं, याचा निवाडा मी करणार नाही. ज्याला करायचाय त्याने आधी दीड वर्ष माझी चूल पेटवून दाखवावी.

पुढे ती गिरणीही बंद पडली. हे लागले रे रोडच्या लाकडाच्या वखारीत, महादेव एका बिल्डिंगवर वॉचमन झाला. गिरणी गेली, अबोला काही गेला नाही. गणपतीच्या आरतीला यांच्या हातात कोणी झांज देईना. हे कोपऱ्यात उभं राहून नुसत्या टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन न जेवता झोपायचे.

त्या टाळ्यांचा मला भयंकर राग यायचा. कारण आमचे हे म्हणजे भजनीबुवा. संपाआधी यांची आणि महादेवची डबलबारी ऐकायला लालबागपासून माणसं यायची. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एका बुवाने गायचं, गाता गाता समोरच्याला चिमटे काढायचे, दुसऱ्याने त्याच चालीत सव्वाशेर उत्तर द्यायचं. रीत एकच. तोंड उघडण्याआधी ‘समोरचे बुवा’ म्हणून मानाने नमस्कार करायचा. तो एकदा केला की मग सालटी काढली तरी चालतात. संपानंतर महादेव एकटाच साधी भजनं म्हणायचा, आणि यांनी तर पेटीवर फडकं टाकलं ते टाकलंच.

उर्मिलाताई आल्या चौऱ्याण्णवला. गिरगावच्या, खोताच्या वाडीशेजारच्या, जुन्या मुंबईकर घरातल्या. बोलणं एकदम पुस्तकी. आमच्या चाळीतल्या बंद पडलेल्या पतपेढीची खोली त्यांनी आपल्या संस्थेसाठी घेतली आणि बाहेर पाटी लावली, ‘लोकचित्र केंद्र’. तुमच्या चाळीची फिल्म तुम्हीच काढायची, आम्ही शिकवतो, म्हणाल्या. फी नाही, परीक्षा नाही. आम्हा बायकांना आधी वाटलं, हिला नक्की काहीतरी विकायचंय.

दर शनिवारी संध्याकाळी आठवड्याचं शूटिंग केंद्रातल्या टीव्हीवर दाखवायच्या. पहिल्यांदा आम्ही शिकणाऱ्या चारजणी, मग आमचे शेजारी, मग सुना कुठे गायब होतात ते बघायला सासवा. चाळीतली सर्वांत म्हातारी जाईबाई स्वतःला सुकट निवडताना बघून ओरडली, “मेल्यांनो, माका इतकी काळी कित्याक दाखवलास?” आणि पुढच्या शनिवारी पावडर लावून सर्वांत पुढे येऊन बसली. ज्या घरांचं नळावरून भांडण होतं तीसुद्धा एका सतरंजीवर बसू लागली, कारण खोलीत सतरंजी एकच होती.

असंच एकदा गॅलरीत शूटिंग करताना नलू म्हणाली, “सरक गो जरा, तुझी सावली मधी येता.”

मी सरकले. एवढ्यावर आमचा अबोला सुटला. मला रडू फुटलं, पण कानांवर हेडफोन होते. नाक ओढलं तर तो आवाज टेपवर जायचा, म्हणून तशीच उभी राहिले.

उर्मिलाताईंना डबलबारीची फिल्म हवी होती. त्यांनी महादेवला विचारलं, तर तो म्हणाला, “मी गातो की एकटा.”

“एकट्याची बारी खंय असता?” जाईबाई म्हणाली. “समोर कोण नको?”

“मग बोलवा कोणालाही.”

“कोणालाही कशाला?” कॅमेरा पुसता पुसता नलू म्हणाली. “धोंडूभावजी आसत ना.”

धोंडूभावजी म्हणजे आमचे हे. महादेव नलूकडे बघत राहिला. मग ना हो म्हणाला ना नाही, चपला घालून निघून गेला. ताईंनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. शिकलेल्या माणसांचा हा एक गुण मला फार आवडतो.

घरी मात्र मला दोन दिवस डोकं फोडावं लागलं. हे म्हणाले, “आणि मी समोर बसलंय, आणि त्याने नमस्कार न करताच गायला सुरुवात केल्यान तर? आता निदान कोपऱ्यात उभं राहता येतंय. मग तेही नाही.”

खरंच होतं ते. सगळ्या चाळीसमोर तो नमस्कार चुकला असता तर माझा नवरा पुन्हा खोलीबाहेर पडला नसता. तरी मी पेटीवरचं फडकं काढलं. मला काळजी होती, पण कंटाळा त्याहून जास्त आला होता.

रविवारी दुपारी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला महादेव, समोर हे, मध्ये नलू आणि मी. महादेवने पेटीवर सूर धरला, सोडला, पुन्हा धरला. हेडफोनमधून त्याचा श्वास मला ऐकू येत होता. अखेर त्याने हात जोडले.

“समोरचे बुवा,” तो म्हणाला, “नमस्कार.”

नमस्कार यांना होता, पण मला काय झालं कोण जाणे, मीही दोन्ही हात जोडले. माईक सटकन खाली पडला.

“कट,” उर्मिलाताई म्हणाल्या. “कौसल्याताई, आवाज गेला सगळा. महादेवराव, माफ करा, तेवढा नमस्कार पुन्हा करावा लागेल हो.”

कोणी हसलं नाही. मी माईक उचलला. रीत म्हणून कसाबसा निघालेला शब्द तो. दुसऱ्यांदा मागितला तर माणूस म्हणेल, राहू द्या तुमची फिल्म. त्याला उठून जायला कारण मीच दिलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

आणि महादेव उठलाच. पेटी बाजूला सारली. हे खाली सतरंजीकडे बघत बसले होते.

“वहिनी, आता माईक नीट धरा,” महादेव म्हणाला.

तो दाराकडे गेला नाही. दोघांमधली जागा ओलांडून यांच्यासमोर येऊन उभा राहिला. नलू त्याच्यामागोमाग कॅमेरा वळवत होती, तिच्यामागे मी.

“आमचे समोरचे बुवा,” तो मोठ्याने म्हणाला, “धोंडू परब. संपात आमच्यासोबत दीड वर्ष उपाशी राहिलेले. बुवा, नमस्कार.”

इतकी वर्षं सगळ्यांनी यांचा तो एकच दिवस धरून ठेवला होता. त्याआधीचं दीड वर्ष कोणी कधी मोजलंच नव्हतं, खरं सांगायचं तर यांनी स्वतःसुद्धा नाही.

यांनी हात जोडले. पेटी जवळ ओढली. दोनदा खाकरले.

“आधी तुम्ही गावा बुवा,” हे म्हणाले. “माका जरा येळ लागात.”

“घ्या की. आम्ही बसलोय.”

महादेव तिथेच, यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. खोलीत कोणी घाई केली नाही. टेप फिरत होती. उर्मिलाताईंना टेप केवढी जपून वापरावी लागे ते मला माहीत आहे, पण त्या दुपारी त्यांनी कट म्हटलं नाही, हे काही मी जन्मात विसरणार नाही.