पिवळी रेघ

ओफेलिया बेर्लांगाला सरकारी पाकीट आलं तेव्हा ते कुणाच्या कृपेने आलं हे शोधत बसावं लागलं नाही. तिच्या पोटच्या पोरीने, मारिसेलाने, तीन आठवड्यांपूर्वी रविवारच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की आईच्या ड्रायव्हिंगची तक्रार करणारा फॉर्म आपण भरलाय. गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा होती. नापास झाली तर लायसन्स जमा. तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ होती : वाहन लेनमध्ये राहत नाही.

"वाहन," ओफेलिया फोनवर म्हणाली. "मी नाही. लिहिलंयस तूच, वाचून बघ."

"अमा, वाहन तूच चालवतेस."

"मग परीक्षाही त्याच वाहनात देईन."

"माझी गाडी घेऊन जा ना. ती आपोआप लेनमध्ये राहते."

"मग लायसन्स तिलाच द्यायला सांग."

ओफेलियाने फोन ठेवला आणि टॅकोसाठी घेवडा परतायला घेतला. तिचं वय त्र्याहत्तर, गाडी सदुसष्ट सालची, हिरवीगार, आणि आठवड्याचे सातही दिवस रस्त्यावर. रोज साडेदहाला ती आपल्या गावाहून, सॅगिनॉहून, शेजारच्या बे सिटीच्या वृद्धाश्रमात जायची. तिथे तिची थोरली बहीण कोंचा होती. तिथल्या बायकांनी भरवलेलं कोंचा थुंकून टाकायची आणि ओफेलियाच्या हातचे दोन टॅको मुकाट्याने खायची. त्या रस्त्याला बस नव्हती. लायसन्स गेलं की कोंचाच्या तोंडचा घास जाणार होता, आणि हे मारिसेलालाही पक्कं ठाऊक होतं. "मी आठवड्यातून दोनदा नेईन तुला," ती म्हणायची. उरलेले पाच दिवस कोंचाने काय करायचं ते मात्र सांगायची नाही.

पण गाडी भरकटत होती हे खोटं नव्हतं. स्टीअरिंगचं चाक दोन-तीन बोटं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, तरी खाली टायरांना पत्ताच नसायचा. ऑक्टोबरात त्या दुपदरी रस्त्यावर बीटचे भलेमोठे ट्रक समोरून येतात, आणि अशा वेळी दोन-तीन बोटं म्हणजे फार झाली.

ओफेलियाला याचा सगळ्यात जास्त राग यायचा, कारण पॉवर स्टीअरिंग म्हणजे तिचा प्रांत होता. याच गावच्या कारखान्यात तिने अठ्ठावीस वर्षं स्टीअरिंगच्या पेट्या, म्हणजे चाकाचं फिरणं टायरांपर्यंत पोचवणारे गिअर, तपासल्या होत्या. पेटीच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो नेमका तेवढाच पिळायचा, वर नट आवळायचा, आणि स्क्रू, नट, झाकण या तिघांवरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. रेघ ओढली की पेटी पास. तिच्या टेबलावरची एकही पेटी परत आली नव्हती, निदान ती तरी असंच सांगायची.

त्या गावात साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्या पेट्यांना हात लावलेला होता. त्यामुळे तिथे कुणाचंही स्टीअरिंग ढिलं झालं की न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकच सल्ला देत : स्क्रूला पाव फेरा दे. ओफेलियाने जूनमध्ये पाव फेरा दिला, जुलैमध्ये दिला, ऑगस्टमध्ये दिला. ढिलेपणा जागच्या जागी राहिला, आणि वर चाक मध्यावर येताना अडकायला लागलं. वळण संपलं की पूर्वी ते आपसूक सरळ व्हायचं, आता ओढून आणावं लागायचं. तिने वाऱ्याला दोष दिला, टायरला दिला, रस्त्यावर सांडलेल्या चिखलाला दिला. पेटीला दिला नाही आणि स्वतःच्या हातालाही दिला नाही.

मंगळवारी दुपारी मारिसेला गोड पावाची पिशवी घेऊन आली तेव्हा आई बॉनेट उघडून, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चौथ्या पाव फेऱ्याच्या तयारीत उभी होती.

"समेट करायला आलीस?"

"पाव द्यायला आले."

"पाव तिकडे ठेव आणि गाडीत बस. इंजिन चालू कर. मी सांगेपर्यंत चाक अगदी मध्यावर धरून ठेवायचं. फॉर्म तू भरलास ना, मग कामही तूच कर."

मारिसेला बसली. पन्नाशीची बाई, शाळेत मुख्याध्यापिका, पण त्या सीटवर बसली की तिचं तोंड बारा वर्षांच्या मुलीसारखं व्हायचं. ओफेलिया आत वाकली. तोल सावरायला तिने डावा हात स्टीअरिंगच्या दांड्यावर ठेवला, तो पेटीला मिळतो तिथे.

"अमा, हे बघितलंस का?" मारिसेला चिडून चाक डावी-उजवीकडे हलवत होती. "इतकं हलतंय आणि काही होतच नाही. यात बसतेस तू रोज?"

ओफेलियाने हात तिथेच दाबून धरला. तिच्या तळव्याखाली दांडा फिरत होता, आणि त्याच्या खालचा पेटीचा दांडा जागचा हलत नव्हता.

"पुन्हा हलव."

"काय झालं?"

"हलव म्हटलं ना."

दोन दांड्यांच्या मध्ये एक रबराची चकती असते, तळहातापेक्षा लहान. ती बोल्टांपाशी फाटून लोंबत होती. वरचा दांडा फिरून तिला ओढून ताणायचा, तेव्हा कुठे खालचा हलायचा. पेटीत काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते पेटीच्या बाहेर. कारखान्यात बाहेरचं काम दांडेवाल्यांकडे होतं, आणि पेटीवाले दांडेवाल्यांच्या कामाकडे ढुंकूनही बघत नसत. अठ्ठावीस वर्षांत ती कधी त्यांच्या टेबलापाशी जेवायलाही बसली नव्हती. आता निवृत्त होऊनही तोच तोरा, आणि त्या तोऱ्यापायी आपण सगळा उन्हाळा एक चांगली पेटी आवळून आवळून नासवत होतो, हे तिच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

ती हे लपवू शकली असती. मारिसेलाला काय कळणार होतं?

"इंजिन बंद कर आणि इकडे ये," ती म्हणाली. "हात दे तुझा. इथे ठेव. ही फाटलीय. आणि ही पिवळी रेघ बघ, कशी मोडलीय. नटावरचा तुकडा एकीकडे, झाकणावरचा दुसरीकडे. ती मी मोडली. आधी हात लावून बघायला हवं होतं, तर मी थेट स्क्रूच पिळत बसले."

मारिसेलाने त्या मोडक्या रेघेवरून बोट फिरवलं. आईच्या तोंडून असलं वाक्य तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"म्हणजे मी बरोबर होते," ती म्हणाली.

"गाडीबद्दल," ओफेलिया म्हणाली. "चढून जाऊ नकोस."

बुधवारी दोघींनी मिळून चकती बदलली. मारिसेलाने शाळेच्या कपड्यांत डॅशबोर्डखाली उताणं पडून दांड्याचे बोल्ट ढिले केले आणि तो दोन इंच आत ओढून धरला. खालून ओफेलियाने जुनी चकती काढली, नवी बसवली आणि पोरीला सावकाश सोडायला सांगितलं. दोनदा बोटं चेंगरली, तीनदा भांडण झालं. शेवटी ओफेलियाने चाक मध्यावर आणलं, नट सोडला आणि स्क्रू उलटा फिरवायला घेतला, पाव, मग पाव, मग आणखी पाव. मोडलेल्या रेघेचे तुकडे एकमेकांना भिडले तिथे ती थांबली. ज्याने कुणी ती रेघ ओढली होती तो तिच्या आधीचा होता, बहुतेक आता जिवंतही नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं.

गुरुवारी परीक्षक शेजारी बसला तो आधी पट्ट्याकडे बघत, मग दाराच्या मुठीला घट्ट धरत. ओफेलियाने त्याला पुलावरून नेलं, बीटच्या दोन ट्रकांसमोरून नेलं, आणि गाडी लेनमधून तसूभरही हलली नाही. दवाखान्यापाशी उजवं वळण संपलं तसे तिने तळवे सैल सोडले. चाक तिच्या हातांतून घसरत आपलं आपण सरळ झालं.

"हात चाकावर, मॅडम."

"चाकावरच आहेत. ते घरी परत येतंय, ते बघा."

त्याने काहीतरी लिहिलं. नंतर कागद हातात आला तेव्हा कळलं की एका वळणावर पकड सैल म्हणून दोन गुण कापले होते. खाली शिक्का होता : पास.

मारिसेला बाहेर पार्किंगमध्ये उभी होती, भलीमोठी पर्स छातीशी धरून. कागद वाचून तिचे डोळे भरले, ते आनंदाने की हरल्यामुळे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मला रात्री झोप लागत नव्हती, अमा. बाबांचा अपघात बे सिटीच्या त्याच रस्त्यावर झाला. म्हणून भरला मी फॉर्म."

ओफेलियाने खिशातून फाटकी चकती काढली आणि पोरीच्या तळहातावर ठेवली.

"मी न बघता स्क्रू पिळला, तू न बघता फॉर्म भरलास. तू माझीच मुलगी आहेस, त्याला इलाज नाही. पुढच्या वेळी भीती वाटली की आधी माझ्याकडे ये आणि हात लावून बघ. मग खुशाल भर."

तिने घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी होते. मागच्या सीटवर टॅकोचा डबा टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता.

"बस आत, मिहा, माझ्या पोरी. मावशी वाट बघतेय. आणि दाराच्या मुठीला धरायचं नाही."