पाचवा मासा

वर सिएराच्या डोंगरातली तळी एप्रिलमध्येही गोठलेली असतात. आमचं कॉटनवुड तळं खाली पायथ्याशी, त्यामुळे इथलं पाणी लवकर उबदार होतं आणि बास मासे अंडी घालायला काठाशी येतात. मादी अंडी घालते आणि निघून जाते. राखणीला नर थांबतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तो जागचा हलत नाही, शेपटीने गाळ झाडतो, येईल त्याला हुसकावतो. माझ्या ओळखीच्या कित्येक नवऱ्यांनी त्याच्याकडे शिकवणी लावायला हरकत नाही.

माझा नवरा ऑरिन. मासेमारीच्या क्लबात सगळ्यांशी भांडून त्यानेच नियम करून घेतला होता की स्पर्धेतला प्रत्येक मासा होडीतल्या टाकीत जिवंत आणायचा, धक्क्यावर वजन करायचं आणि तिथेच सोडून द्यायचा. त्याआधी लोक सगळे मासे तळून खात. या नियमाचा त्याला पोटच्या पोरांपेक्षा जास्त अभिमान. स्पर्धेची ढाल मात्र त्याला कधी मिळाली नाही. यंदा खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी.

स्पर्धेच्या दिवशी सकाळ सरत आली तरी टाकीत चारच मासे होते. पाच लागतात, त्यांचं एकूण वजन धरतात. शेवटी ऑरिनने होडी उत्तरेच्या कोपऱ्यात घातली. दुष्काळात पाणी ओसरल्यापासून अंडी घालण्याजोगी खडी तेवढ्या एकाच ठिकाणी उरली आहे. उथळ पाण्यात ताटाएवढी स्वच्छ जागा दिसली आणि तिच्यावर एक नर, काही फार मोठा नाही.

"हा नको," मी म्हणाले. "याच्या पोटापाण्याची नाही, पोरांची वेळ आहे."

"सोडणारच आहे की, व्हर्ना. संध्याकाळी."

"संध्याकाळपर्यंत काय उरणार आहे?"

"तुला कळत नाही असं नाही, पण आज जरा गप्प बस."

मी गप्प बसले. अंड्यांवर गळ पडला की नर काही तो खात नाही, तोंडात धरून बाहेर टाकायला जातो. तसाच अडकला. ऑरिनने त्याला टाकीत सोडलं तेव्हा चपटे निळसर मासे झुडपांतून बाहेर येऊन त्या खडीवर जमू लागले होते. ऑरिनने तिकडे पाठ केली आणि इंजिन चालू केलं.

तेवढ्या पाचव्या माशाने तो जिंकला. क्लेटन, त्याचा जुना वैरी, ढाल देताना म्हणाला, "घे म्हाताऱ्या, खांदा निखळेपर्यंत मिरव." सगळे हसले. मग ऑरिनने भाषण केलं. आम्ही या तळ्याचा एकही मासा वाया जाऊ देत नाही, म्हणाला. टाळ्या पडल्या. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

धक्क्यावर त्याने एकेक मासा पाण्यात सोडला. पाचवा हातात आला तेव्हा मी विचारलं, "हा इथला आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग मासा परत टाकीत ठेवला आणि म्हणाला, "दोरी सोड."

त्या धक्क्यापासून उत्तरेचा कोपरा म्हणजे तळ्याचं दुसरं टोक. पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, तरी उथळ पाण्यात तळ स्पष्ट दिसत होता. खडी धुतल्यासारखी रिकामी होती. पोट भरलेले ते चपटे मासे जवळच सावलीत रेंगाळत होते.

ऑरिनने दोन्ही हातांनी नर पाण्यात सोडला. तो थेट त्या जागेवर गेला. त्या माशांच्या अंगावर धावून त्याने त्यांना पार झुडपांपर्यंत पिटाळलं, परत आला आणि खडीवर शेपूट हलवू लागला.

"आताही वाटतं का, मुलांना सांगावं की जिंकलो?" मी विचारलं. बोलले आणि लगेच वाईट वाटलं.

तो वाकून खडीकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "गार वाटायला लागलं. निघू या का?"

"थांब," ऑरिन म्हणाला. "तो अजून राखतोय."