तासाभराचं अंतर

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात कांगिक्तुगापिक गावाहून मित्तिमातालिकला विमान तासाभरात येतं. हवा बिघडली तर दिवसचे दिवस येत नाही, आणि ती बिघडली की नाही हे धावपट्टीलगतच्या खोलीत बसून एलिसापी सांगते.

त्या दिवशी ते येऊच नये असं तिला वाटत होतं. विमानात रूत होती, अडीच वर्षांची. तिच्या नवऱ्याची, जायपितीची, पहिली बायको रूत वारली, आणि पुढच्या वर्षी तिच्या भाचीला मुलगी झाली तेव्हा तेच नाव ठेवलं. तिथल्या रीतीने नावाबरोबर माणूस येतो, त्याची नातीही येतात. म्हणून जायपिती त्या पोरीला ‘बायको’ म्हणायचा. गावात यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. एलिसापीलाही वाटायला नको होतं. पण गोठवलेले मासे विमानाने जायचे ते ‘बायकोला’, फोनवर चौकशी व्हायची ती ‘बायकोची’. लग्नाच्या बायकोला, एलिसापीला, तो नुसत्या नावाने हाक मारी. सीलच्या कातड्याचे इवलेसे बूट तर त्याने एलिसापीकडूनच शिवून घेतले होते. प्रत्येक टाका तिने दात-ओठ खाऊन घातला होता.

सकाळी तो आरशापुढून हलेना.

“दाढी कुणासाठी?” तिने विचारलं.

“बायको येतेय ना.” तो हसत म्हणाला.

दुपारी खाडीवरून धुकं चढू लागलं. पलीकडची टेकडी दिसेनाशी झाली की विमान न उतरताच निघून जातं. रेडिओवर वैमानिकाने टेकडीचं विचारलं. ती दिसत होती, पुसटशी. ‘नाही’ म्हटलं असतं तर कुणी पडताळायला येणार नव्हतं.

एलिसापीने बटण दाबलं आणि थांबली. ही खुर्ची आधी रूतची होती. वारलेली रूत तिची थोरली मामेबहीण, तिची ताई. हवा कशी बघायची हे तिनेच याच खिडकीशी शिकवलं होतं. “बारके, डोळ्यांना दिसतं ते सांग. मनाला दिसतं ते घरी घेऊन जा.”

“टेकडी दिसतेय,” एलिसापी म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली.

ती बाहेर गेली तोवर पोरगी जायपितीच्या कडेवर होती, पायांत तेच बूट. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड एलिसापीने आपल्यासाठी कधी पाहिला नव्हता.

भाचीने लेकीला विचारलं, “रूत, ही कोण, सांग? तुझी बारकी ना?” मग एलिसापीकडे वळून हळूच म्हणाली, “तू तिला एकदाही ताई म्हणाली नाहीस.”

खरं होतं. त्या नावातून नवऱ्याला काय मिळतं हे एलिसापी मोजत बसली होती; त्यात तिचाही वाटा होता, तिची ताई; तो तिने मागितलाच नव्हता. ती जवळ गेली.

“ताई, उतर खाली. तुझा संसार झाला करून. आता नवरा माझाय.”

भोवतालची माणसं हसली, जायपितीही हसला. रूत हसली नाही. तिने एलिसापीला नीट निरखलं आणि त्याच्या गळ्याला आणखी घट्ट मिठी मारली.